पगारपत्रकावर न दिसणारी रजा

अर्जित रजा, आजारपणाची रजा, बाळंतपणाची रजा हे शब्द आपल्या दुकानांत आणि पेढ्यांत चांगले रुळलेले आहेत. गेल्या काही वर्षांत काही देशांनी त्यांत आणखी एका रजेची भर घातली आहे. घरात छळ सोसणाऱ्या कर्मचाऱ्याला मिळणारी ही पगारी रजा होय. घरातील दुःखाचा भार मालकाने का उचलावा, हा प्रश्न व्यापारी मनात प्रथम उभा राहील. प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचे उत्तर व्यवहाराच्या कसोटीवरच शोधले पाहिजे.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण यासाठी उपयोगी आहे. डिसेंबर २०१८ पासून तेथे वर्षाला पाच दिवसांची बिनपगारी रजा होती. २०२२ मध्ये ‘फेअर वर्क’ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती दहा दिवसांची पगारी रजा झाली. पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ती १ फेब्रुवारी २०२३ पासून, तर त्याहून लहान आस्थापनांना १ ऑगस्ट २०२३ पासून लागू झाली. म्हणजे लहान दुकानदाराला सहा महिन्यांची सवड मिळाली, सूट मात्र मिळाली नाही. पूर्णवेळ, अर्धवेळ आणि गरजेपुरते बोलावले जाणारे असे सर्व कर्मचारी, स्त्री असोत वा पुरुष, या रजेस पात्र आहेत. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून दहाही दिवस उपलब्ध असतात. न वापरलेले दिवस पुढील वर्षात जमा होत नाहीत. आपल्या ज्या मुली-सुना मेलबर्न वा सिडनी येथे नोकरी करतात, त्यांनाही हा हक्क आहे. त्यांना तो ठाऊक असणे आवश्यक आहे.

रजा कशासाठी, हेही कायद्याने सांगितले आहे. छळाच्या परिणामांतून मार्ग काढण्यासाठी जे काम कामाच्या वेळेबाहेर करणे शक्य नाही, त्यासाठी ती आहे. न्यायालय, पोलीस ठाणे, वकिलाचे कार्यालय, बँक, मुलांची शाळा ही सारी ठिकाणे नोकरीच्याच वेळेत उघडी असतात. सुरक्षित निवारा शोधायचा तर तोही बहुधा दिवसाउजेडी, घरच्यांना नकळत शोधावा लागतो. अशा वेळी नोकरी सांभाळावी की सुटका करून घ्यावी, असा पेच पडतो. नोकरी गेली तर हाती पैसा राहत नाही, आणि पैशावाचून वेगळे राहण्याचा विचारही करता येत नाही.

मग बिनपगारी रजा पुरेशी का नाही? बँकेच्या सेवेत असताना एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडे. पगार पत्नीचा, पण खाते संयुक्त. खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक पतीचा आणि एटीएम कार्डही त्याच्याच खिशात. अशा घरात दोन दिवसांचा पगार कापला गेला, तर कमी जमा झालेली रक्कम पत्नीच्या आधी पतीला कळते. ‘त्या दोन दिवशी कुठे गेली होतीस?’ हा प्रश्न त्याच संध्याकाळी विचारला जातो. बिनपगारी रजा ज्या व्यक्तीसाठी दिली, तिलाच ती उघडी पाडू शकते.

ऑस्ट्रेलियाच्या नियमांतील सर्वांत शहाणपणाचा भाग येथेच दिसतो. या रजेचा उल्लेख पगारपत्रकावर करण्यास मालकाला मनाई आहे. ते दिवस नेहमीच्या कामाचे तास म्हणून दाखवता येतात. कर्मचाऱ्याने सांगितल्यास दुसऱ्या एखाद्या रजेच्या नावाने दाखवता येतात. या रजेच्या शिलकीचा आकडाही तेथे छापायचा नाही. पगारपत्रक घरातील कोणाच्याही हाती पडू शकते, याचे भान नियम करणाऱ्यांनी ठेवले आहे.

गैरवापराच्या शंकेचाही विचार झालेला आहे. मालक पुरावा मागू शकतो. पोलिसांचे किंवा न्यायालयाचे कागद, साहाय्य संस्थेचे पत्र अथवा प्रतिज्ञापत्र चालते. ही माहिती गुप्त ठेवणे आणि कर्मचाऱ्याविरुद्ध तिचा वापर न करणे मालकावर बंधनकारक आहे.

हा प्रयोग एकट्या ऑस्ट्रेलियाचा नाही. फिलिपिन्सने २००४ च्या कायद्यानेच पीडित स्त्री कर्मचाऱ्यांना दहा दिवसांपर्यंत पगारी रजा दिली. न्यूझीलंडच्या संसदेने २०१८ मध्ये ६३ विरुद्ध ५७ मतांनी असा कायदा केला आणि तो १ एप्रिल २०१९ पासून अमलात आला. आयर्लंडने २०२३ मध्ये पाच दिवसांची रजा लागू केली.

आपल्याकडे २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांच्या संरक्षणाचा कायदा आहे. अर्जाची पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांत ठेवावी, असे तो सांगतो. परंतु त्या सुनावणीस जाण्यासाठी रजेची तरतूद त्यात नाही. हे तत्त्व मात्र आपल्या कायद्याला परके नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविषयीच्या २०१३ च्या कायद्यात, चौकशी चालू असताना तक्रारदार स्त्रीच्या लेखी विनंतीवरून समिती तीन महिन्यांपर्यंत रजेची शिफारस करू शकते, आणि ती रजा तिच्या इतर रजेव्यतिरिक्त असते.

आता हिशेब पाहू. महिना १८,२०० रुपये पगार आणि कामाचे २६ दिवस धरले, तर दिवसाचे ७०० रुपये होतात. दहा दिवसांचे ७,००० रुपये. गिऱ्हाईक ओळखणारी, उधारीची वही तोंडपाठ असणारी, गल्ल्यावर विश्वासाने बसवता येणारी बाई नोकरी सोडून गेली, तर तिच्या जागी नवे माणूस तयार करण्यास किती महिने लागतात, हे प्रत्येक व्यापाऱ्याने स्वतःच मांडून पाहावे.

कायद्याची वाट न पाहता कोणत्याही पेढीला काही गोष्टी आजच करता येतील. अशी रजा मिळेल, हे नियमावलीत लिहून ठेवावे. ती मागण्यासाठी एक विश्वासू व्यक्ती नेमावी, आणि शक्यतो ती स्त्री असावी. हजेरीपुस्तकात ‘पगारी रजा’ एवढीच नोंद करावी, कारण लिहू नये. तिने सांगितल्यास पगार तिच्या एकटीच्या खात्यात जमा करावा. घरून फोन आला, तर ती कुठे गेली आहे हे तिच्या संमतीवाचून कोणी सांगू नये. आणि महिला मदतवाहिनीचा १८१ हा क्रमांक सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावावा, म्हणजे तो विचारण्याची वेळ कोणावर येणार नाही.