चिंगीची शू आणि साडेसहा फूट बर्फ

बडोद्याला माझ्या माहेरी कुत्र्याच्या शूवर कधी कुणी चर्चा केली नाही. दार उघडलं की तो गल्लीत जायचा, विजेचा खांब, रिक्षाचं चाक आणि शेजारच्या काकांची स्कूटर अशी फेरी करून परत यायचा. म्हणून मासिकासाठी हा विषय घेतेय म्हटल्यावर आई फोनवर हसतच सुटली. पण आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांतली मुलं आता टोरांटो, शिकागो, बफेलो अशा बर्फाच्या गावी राहतात, आणि त्यांतल्या काहींनी हौसेने कुत्रीही पाळली आहेत. पहिल्या मोठ्या बर्फात त्यांची काय गाळण उडते ते मला माहीत आहे.

आम्ही न्यूयॉर्क राज्यात बफेलोच्या दक्षिणेला ऑर्चर्ड पार्क नावाच्या उपनगरात राहतो. शेजारीच ईरी हे प्रचंड सरोवर आहे. नोव्हेंबरमध्ये हवा गोठणबिंदूच्या खाली जाते, पण सरोवराचं पाणी अजून उबदार असतं. त्यावरून गार वारा लांबच लांब वाहत आला की वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर आल्याबरोबर तिचा बर्फ करून टाकतो. हा बर्फ अरुंद पट्ट्यात पडतो. पट्ट्याखाली असाल तर घर गाडलं जातं, आणि थोड्याच मैलांवरची मैत्रीण विचारते, "तुमच्याकडे एवढा पडला?" 17 नोव्हेंबर 2022 च्या संध्याकाळी असा पट्टा आमच्या डोक्यावर येऊन बसला. बर्फ पडताना विजा कडाडत होत्या. वादळ सरलं तेव्हा ऑर्चर्ड पार्कमध्ये सुमारे 80 इंच, म्हणजे साडेसहा फुटांहून जास्त बर्फ पडला होता. गावातला बफेलो बिल्सचा फुटबॉल सामनासुद्धा डेट्रॉइटला हलवावा लागला.

आमची चिंगी बीगल जातीची, खांद्यापर्यंत 14 इंच. दक्षिणेकडच्या राज्यातल्या निवाऱ्यातून आलेली, तेव्हा नऊ वर्षांची. गुरुवारी रात्री दहाला ती शू करून आली. शुक्रवारी सकाळी मागचं दार उघडलं तर समोर तिच्या डोक्यापेक्षा उंच पांढरी भिंत. तिने भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सोफ्यावर जाऊन झोपली.

लोक म्हणतात, कुत्र्याला थंडी वाजते म्हणून तो बाहेर जात नाही. थंडी असतेच, पण माझ्या मते खरी अडचण वेगळी आहे: त्याची जागा हरवलेली असते. कुत्रा जागा ओळखतो ती नाकाने आणि तळपायाने. पिल्लू असताना ज्या पृष्ठभागावर सवय लागली, गवत, माती, सिमेंट, तोच त्याला आयुष्यभर 'संडास' वाटतो. ताज्या बर्फाखाली गवतही नसतं आणि कालचा वासही नसतो. त्यात कुत्री असेल तर तिला बसावं लागतं, आणि सहा-सात इंच बर्फातसुद्धा बीगलच्या पोटाला बर्फ टेकतो. नर निदान पाय वर करून निभावून नेतो.

(जागेच्या बाबतीत कुत्री किती चोखंदळ असतात यावर एक गंमतशीर अभ्यासही आहे. चेक आणि जर्मन संशोधकांनी 70 कुत्र्यांच्या हजारो शू-शी नोंदवल्या. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असलं की कुत्री उत्तर-दक्षिण दिशेत बसणं पसंत करतात, असा निष्कर्ष 2013 मध्ये छापून आला आणि पुढच्या वर्षी त्यांना हसतखेळत दिलं जाणारं इग नोबेल मिळालं.)

निरोगी मोठा कुत्रा आठ-दहा तास रोखून धरू शकतो. त्यापुढे त्याला त्रास होऊ लागतो, आणि चोवीस तासांत थेंबही झाला नाही तर पशुवैद्याला फोन करायलाच हवा. कुत्रा बसतोय, कुंथतोय आणि काहीच येत नाही, हे दिसलं तर तेवढंही थांबू नका. पण त्या शुक्रवारी रस्त्यावर गाडी काढायलाच बंदी होती. दवाखान्यात जायची वेळ आली असती तर आम्ही गेलोच नसतो. म्हणून मी घड्याळ बघत होते. दुपारी बारा. चौदा तास. आई व्हिडिओ कॉलवर दर तासाला विचारत होती, "अगं, झाली का तिची?"

"पाणी कमी दे तिला," असं एका ओळखीच्या बाईंनी सुचवलं. हे मात्र कधीही करू नका. पाणी तोडलं तर शू घट्ट होते, मूत्राशयाला त्रास होतो, आणि कुत्रा बर्फ खाऊ लागतो तो वेगळाच. शीच्या बाबतीत जेवणाची वेळ उपयोगी पडते. जेवल्यावर थोड्या वेळात आतड्यांना चालना मिळते. म्हणून आधी खाणं, मग अर्ध्या तासाच्या आत बाहेर.

नवरा आणि मी आळीपाळीने फावडं घेऊन बाहेर गेलो. तासाला दोन-तीन इंच पडत असताना सगळं अंगण साफ करणं म्हणजे घागरीने नदी उपसणं. आम्ही दारापासून एक बोळ काढला आणि त्याच्या टोकाला जेमतेम सतरंजीएवढी जागा, पण थेट गवतापर्यंत खणली. वरवर बर्फ काढून भागत नाही, हिरवं दिसलं पाहिजे. जागा घराच्या ज्या बाजूला वारा लागत नाही तिथे घ्यावी. पण वळचणीच्या अगदी खाली नको, छपरावरून बर्फाचा अख्खा थर घसरून येतो. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची. तिने आदल्या दिवशी चिंगीची शू पुसलेला कागद कचऱ्याच्या डब्यातून शोधून आणला आणि गवतावर ठेवला. आम्हाला दोघांना हे सुचलं नव्हतं.

संध्याकाळी सात वाजता, एकवीस तासांनी, पट्टा लावून चिंगीला त्या बोळातून नेलं. पट्टा हवाच, कारण वाऱ्याने साचलेला बर्फ कुंपणाच्या उंचीला पोचला की कुत्रा कुंपणावरून सरळ चालत पलीकडे जातो. तिने कागद हुंगला. दोन गिरक्या घेतल्या. मी "शू कर, शू कर" म्हणत होते (आमची चिंगी जन्माने अमेरिकन, पण या बाबतीत तिला फक्त मराठी कळतं). मग बसली, आणि बराच वेळ बसूनच राहिली. खिडकीतून मुलीने टाळ्या वाजवल्या. आईला रात्री नाही, लगेच फोन केला. तिकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते.

त्यानंतर दर दोन तासांनी तेवढीच सतरंजी साफ करायची असं ठरवलं. आता हवामानखात्याचा इशारा आला की आम्ही तिथे आधीच ताडपत्री अंथरतो आणि कडेला विटा ठेवतो. बर्फ पडला की वरचा थर फावड्याने काढायचा, ताडपत्री ओढायची, खाली कोरडं गवत.

पण प्रत्येक वादळात खणणं हे उत्तर नसतं, हे त्याच वर्षी नाताळात कळलं. 23 डिसेंबरला आलेलं वादळ वेगळं होतं. बर्फ नोव्हेंबरपेक्षा कमी, पण वारा इतका की हात पुढे केला तर दिसत नव्हता. बफेलोच्या विमानतळावर ही स्थिती सलग 37 तास टिकली. त्या वादळात आमच्या भागात चाळीसहून अधिक माणसं दगावली, काही आपल्या गाडीत, काही रस्त्यावर. अशा वेळी कुत्र्यासाठी अंगणातही जायचं नाही. दारापासून दहा पावलांवर माणूस वाट चुकतो.

आम्ही जमीन गोठण्याआधी अंगणातल्या कोपऱ्यातून गवताचे दोन तुकडे मुळांसकट कापून प्लॅस्टिकच्या मोठ्या ट्रेमध्ये गॅरेजमध्ये ठेवले होते. आठवडाभर रोज एकदा चिंगीला पट्टा लावून तिथेच न्यायचं, "शू कर" म्हणायचं, झाली की लगेच चीजचा तुकडा. लगेच म्हणजे तिथल्या तिथे. घरात आल्यावर दिला तर तिला वाटतं बक्षीस घरात येण्याचं आहे. वादळात तिने फारशी कुरकुर न करता तो ट्रे वापरला. गॅरेजमध्ये एवढं मात्र बघा: गाडी चालू ठेवायची नाही, आणि जमिनीवर अँटीफ्रीझ सांडलेलं नको. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि थोडंसंही कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करतं.

बर्फ थांबल्यावर नवा त्रास मिठाचा. रस्त्यावर, पायवाटेवर खडे मीठ टाकलेलं असतं. ते पंजांच्या भेगांत चरचरतं, आणि कुत्रा घरी येऊन ते चाटतो. पाकिटावर 'प्राण्यांना सुरक्षित' लिहिलेलं असलं तरी पाय धुवायचेच. दाराशी कोमट पाण्याचं तसराळं आणि जुना टॉवेल ठेवा. बाहेर जाण्याआधी पंजांना व्हॅसलीन चोळलं आणि बोटांमधले केस कापलेले असले, तर बर्फाचे गोळे कमी चिकटतात. चिंगीने पाय आळीपाळीने उचलायला सुरुवात केली की आम्ही परत फिरतो, शू झालेली असो वा नसो. थरथर थांबून कुत्रा सुस्त झाला तर ते आराम पडल्याचं लक्षण नाही, अंग गार पडल्याचं आहे. कोरडा करून गुंडाळा आणि फोन करा.

एक काम मात्र वसंतासाठी राखून ठेवावं लागतं. ज्या दिवशी वाऱ्यामुळे शी उचलता येत नाही, त्या दिवशीची ती बर्फात गाडली जाते, तिच्यावर नवा थर, त्यात पुढची. मार्चच्या शेवटी हे सगळं थराथराने वर येतं, सगळ्यात वर फेब्रुवारी, तळाशी नोव्हेंबर. आमच्या घरी त्या रविवारी मुलगी पिशवी धरते, नवरा फावडं चालवतो, आणि चिंगी प्रत्येक ढीग पहिल्यांदाच भेटल्यासारखा हुंगत बसते.