दुसऱ्याचा चेंडू झेलणारा

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेतल्या आठवीच्या एका पोरीने भाला फेकला. मी टेप लावली आणि पोटात काहीतरी हललं. तिची फेक माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात लांब फेकीच्या हातभर पुढे होती. तिला शिकवलं मीच. शाबासकीही दिली. पण संध्याकाळी पोळ्या लाटताना वाटत राहिलं, आपला भाला मात्र जिल्ह्याच्या पुढे कधी गेलाच नाही.

तुम्हालाही असं कधी झालंय का, मैत्रिणींनो?

मला त्या रात्री टॉम हाऊस आठवला. हा अमेरिकेतला बेसबॉलचा पिचर, म्हणजे आपल्या क्रिकेटमधला गोलंदाज म्हणा ना. फक्त इथे धावत यायचं नाही, टप्पा पाडायचा नाही, आणि कोपर वाकवायची मुभा! १९७१ ते १९७८ तो वरच्या दर्जाचे सामने खेळला. आठ हंगामांत त्याच्या नावावर विजय जमा झाले २९. बहुतेक वेळ राखीव, गरज पडली तर बोलावणं.

८ एप्रिल १९७४ ला अटलांटात त्याच्याच संघातल्या हँक आरनने ७१५ वा होमरन मारून बेब रूथचा विक्रम मोडला. राखीव पिचर कुंपणापलीकडे थांबले होते. चेंडू थेट आला तो टॉमच्या हातात! तो घेऊन हा मैदानात धावत सुटला. आरनला त्याच्या आईने घट्ट कवटाळलं होतं. टॉमने चेंडू त्याच्या हाती दिला.

पुढे तो प्रशिक्षक झाला. मानसशास्त्रात डॉक्टरेट केली. १९८५ पासून टेक्सास रेंजर्सच्या पिचरांना शिकवताना तो त्यांना चक्क अमेरिकन फुटबॉल फेकायला लावी. लोक हसले. पण तो लांबट चेंडू चुकीचा सुटला की हवेत डगमगतो, चूक लगेच दिसते. त्याच संघात नोलन रायनने १९९१ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, समोरच्यांना अख्ख्या सामन्यात एकही हिट मिळू दिली नाही. अशी त्याची ती सातवी वेळ!

टॉम काही देवमाणूस नाही. खेळताना ताकदीची औषधं घेतल्याचं त्याने २००५ मध्ये स्वतःच कबूल केलं.

आणि २००८ मध्ये त्याच्याकडे आले उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. दोघेही भालाफेक करणारे, बेसबॉल कधी न खेळलेले. त्याच नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. सगळ्यात वरच्या दर्जापर्यंत ते पोचले नाहीत. पण त्यांच्यावर २०१४ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ हा सिनेमा निघाला. तो बघूनच मला टॉम कळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी मैदानावर हजर. म्हणाली, “बाई, तुमची किती होती हो?”

आजवर हा प्रश्न मी हसून टाळायचे. त्या दिवशी आकडा सांगितला.

“म्हणजे मी तुमच्या पुढे गेले?”

“गेलीस,” म्हटलं. “पण खांदा लवकर उघडतेस. चल, पुन्हा फेक.”

टेप मीच धरली.