गाजरगवत : ना गाजर, ना गवत

पावसाळा लागला की बांधावर, रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत एक झाड तरारून वर येते. पाने गाजराच्या पानांसारखी कातरलेली. शेंड्यावर बारीक पांढरी फुले. अंगाला लागले की कोणाला खाज सुटते, कोणाला चट्टे उठतात. ओळखले ना?

आम्ही एकदा पारावर विचारले, "याचे नाव काय हो?" एक म्हणाला, "गाजरगवत." दुसरा म्हणाला, "छे गुरुजी, हे काँग्रेस गवत." एक आजी म्हणाल्या, "आमच्या माहेरी याला चटकचांदणी म्हणतात." झाड एक, नावे तीन! मग दूरदेशीच्या माणसाला आपण कोणत्या झाडाबद्दल बोलतो ते कळावे कसे?

ही अडचण जगभरच्या शास्त्रज्ञांना येत असे. स्वीडन देशातल्या कार्ल लिनीअस या पंडिताने तिच्यावर तोड काढली. त्याने 1753 साली वनस्पतींना आणि 1758 साली प्राण्यांना दोन-दोन शब्दांची नावे दिली. नावे लॅटिन भाषेत ठेवली, कारण युरोपातले विद्वान तेव्हा त्या भाषेत लिहीत.

दोन शब्द कशाला? शाळेचा पट आठवा. वर्गात दोन दत्तू असले की आम्ही आडनाव घेऊन हाक मारायचो. तसेच हे. बटाटा म्हणजे सोलॅनम ट्यूबरोसम. वांगे म्हणजे सोलॅनम मेलॉन्जेना. आडनाव एक, म्हणजे दोघे भाऊबंद!

या आडनावाच्या गटाला प्रजाती म्हणतात. जवळच्या प्रजाती मिळून एक कूळ होते. कुळांहून मोठे गटही आहेत. वाडी, गाव, तालुका, जिल्हा, तशीच ही चढती मांडणी. नाते ठरवताना फूल, फळ, बी नीट पाहतात. आता पेशीतले आनुवंशिक द्रव्यही तपासतात.

आपल्या झाडाचे शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. हे नाव लिनीअसनेच दिलेले आहे. झाड मूळचे अमेरिकेकडचे. त्याचे कूळ सूर्यफुलाचे. झेंडू, शेवंती, करडई हेही त्याच कुळातले. झेंडूचे फूल उकलून पाहा. ते एक फूल नसते, पुष्कळ बारीक फुलांची जुडी असते. पार्थेनियमचेही तसेच. गाजर मात्र कोथिंबिरीच्या कुळातले, आणि खरे गवत म्हणजे ज्वारी-गव्हाचे कूळ. म्हणजे आपले गाजरगवत ना गाजर, ना गवत!

"गुरुजी, एवढे जाणून फायदा काय?" असे कोणी म्हणेल. तर ऐका. हे झाड 1955 च्या सुमारास पुण्यात तज्ज्ञांच्या नजरेस आले. मग ते देशभर माजले. शास्त्रीय नाव सगळीकडे एकच असल्यामुळे त्याच्या मूळ देशातली माहिती शोधता आली. मेक्सिकोत हेच झाड खाणारा एक भुंगेरा होता. तो 1983 साली बंगळूरला आणला. पण तो सूर्यफूल खाऊ लागला तर? सूर्यफूल पडले त्याच कुळातले! म्हणून आधी निरनिराळ्या पिकांवर त्याची परीक्षा घेतली आणि मग 1984 साली त्याला सोडले. पुढे काही ठिकाणी तो सूर्यफुलावर दिसला, तेव्हा शेतकरी घाबरले. पुन्हा तपासणी झाली. पिकाचे मोठे नुकसान होत नाही असे आढळले. आज पावसाळ्यात हे भुंगेरे गाजरगवताची पाने कुरतडताना दिसतात. कुळाची माहिती नसती, तर कोणत्या पिकाला धोका आहे हे आधी कसे सुचले असते?

म्हणून मंडळी, गावातले नाव बोलायला चांगले, पण औषध किंवा फवारणी विचारायला जाल तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका. रोपच सोबत न्या आणि दाखवा. आणि गाजरगवत उपटायचे ते फुलावर येण्याआधी, हाताला फडके गुंडाळून. एका झाडाच्या हजारो बिया होतात, हे विसरू नका.