गुटगुटीत म्हणजे निरोगी नव्हे!

संपादकांनी लेख मागितला तेव्हा रोबोटिक्सवर किंवा गेला बाजार हॉस्टेल लाइफवर काहीतरी येईल अशी त्यांची अपेक्षा असणार. पण मी लिहिणार आहे जंतांवर आणि पिसवांवर. नाक मुरडू नका. कॅम्पसमध्ये दरवर्षी कुठे ना कुठे कुत्री वितेच, आणि आपण सगळे पिल्लांना उचलून फोटो काढण्यात पटाईत असतो. त्यापुढचं मात्र आपल्याला काहीही ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. ते कळायला एक पिल्लू जावं लागलं.

गोष्ट आमच्या वर्कशॉपच्या मागची. भंगार पत्र्याच्या आडोशाला डिसेंबरात राणी व्याली. राणी म्हणजे सगळ्यांची कुत्री, आणि म्हणूनच खरं तर कुणाचीच नाही. सहा पिल्लं झाली. सबमिशन तोंडावर होतं, तरी आमच्या दिवसातून चार चकरा ठरलेल्या. मेसच्या मावशी राणीला दूधभात द्यायच्या, वॉचमन मामांनी दोन जुनी गोणपाटं अंथरली होती. पिल्लांची पोटं टम्म, अगदी ढोलकीसारखी. "काय बाळसं धरलंय रे!" असं म्हणत आम्ही खूष. फक्त एक पिल्लू मागे पडत होतं. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून तिचं नाव टिकली. ती सारखी झोपून असायची. आम्हाला वाटलं, भावंडं दूध पिऊ देत नसतील. अठराव्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही.

दोन दिवसांनी दुसरं एक पिल्लू तसंच मलूल दिसायला लागलं, तेव्हा मात्र धाबं दणाणलं. पाचही पिल्लं खोक्यात घालून मी आणि माझा रूममेट सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचलो. डॉक्टर मॅडमनी एकेकाचा ओठ वर करून हिरडी पाहिली. गुलाबी हवी ती फिकट होती, एकाची तर जवळजवळ पांढरी. मग त्यांनी केस उलटे फिरवले. कातडीवर काळे ठिपके आणि त्यांतून पळणाऱ्या पिसवा.

"जंताचं औषध कधी दिलं?"

"मॅडम, अजून वीसच दिवसांची आहेत."

"मग सहा दिवस उशीर झालाय. आणि ही पोटं बाळशाची नाहीत, जंतांची आहेत."

जंत येतात कुठून?

माझा पहिला प्रश्न हाच होता. जी पिल्लं अजून गोणपाटाबाहेर पडलेली नाहीत, त्यांना जंत होतीलच कसे? उत्तर ऐकून चाट पडलो. आईकडून! गोल जंतांच्या अळ्या कुत्रीच्या शरीरात स्नायूंमध्ये वगैरे सुप्त अवस्थेत पडून असतात. तिला काहीही त्रास नसतो. ती गाभण राहिली की शेवटच्या दिवसांत या अळ्या जाग्या होतात आणि नाळेवाटे थेट गर्भात शिरतात. उरलेल्या काही दुधातून येतात. म्हणजे पिल्लू जन्मतःच जंत घेऊन येतं. साधारण तीन आठवड्यांत त्या अळ्यांचे मोठे जंत होऊन अंडी घालायला लागतात. म्हणून पहिला डोस दुसऱ्या आठवड्यातच.

दुसरा प्रकार अंकुशकृमींचा. हे दिसायला बारीक, पण आतड्याला चावा घेऊन रक्त पितात. यांच्या अळ्या प्रामुख्याने दुधातून येतात, आणि विष्ठेत अंडी दिसायच्या आधीच पिल्लाचं रक्त कमी झालेलं असू शकतं. फिकट हिरड्या, काळसर शी आणि सुस्ती ही त्यांची खूण. अर्धा-पाऊण किलोच्या जिवात रक्त असतं तरी किती? आतून अंकुशकृमी आणि बाहेरून पिसवा, असा दोन्हीकडून उपसा सुरू झाला तर पिल्लू काही दिवसांत जातं. टिकलीचं नेमकं काय झालं, हे आता सांगता येणार नाही असं मॅडम म्हणाल्या. पण पहिला डोस चौदाव्या दिवशी द्यायचा असतो आणि ती अठराव्या दिवशी गेली, हे गणित माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

अंदाजपंचे दाहोदरसे नको!

औषध वजनावर असतं. मॅडमनी विचारलं, "वजन किती?" रूममेट छातीठोकपणे म्हणाला, "असेल दोन किलो." काट्यावर ठेवलं तर ८५० ग्रॅम! इंजिनिअरिंगला असून आमच्या अंदाजात शंभर टक्क्यांहून जास्त एरर. पिल्लांसाठी पायरँटेल आणि फेबँटेल यांचं एकत्र पातळ औषध मिळतं. त्यांनी दिलेल्या औषधाचा हिशेब एका किलोला एक मिली असा होता. म्हणजे ८५० ग्रॅमला ०.८५ मिली. सुई काढलेल्या एक मिलीच्या सिरिंजने, पिल्लाचं डोकं फार वर न करता, गालाच्या बाजूने हळूहळू द्यायचं. घाईत घशात ओतलं तर औषध श्वासनलिकेत जातं. प्रत्येक औषधाची तीव्रता वेगळी, त्यामुळे आमचा आकडा तुमच्या बाटलीला लावू नका. लेबल वाचा, डॉक्टरांना विचारा.

पायरँटेलने जंताचे स्नायू आखडतात, त्याची आतड्यावरची पकड सुटते आणि तो शीबरोबर बाहेर पडतो. दुसऱ्या दिवशी गोणपाटाजवळ जे दिसलं ते शेवयांसारखं होतं. त्या रात्री मेसमध्ये नेमके नूडल्स होते. आमच्यातले चौघे उपाशी झोपले!

पण एका डोसने काम होत नाही. औषध मारतं ते आतड्यातल्या जंतांना. शरीरात इतरत्र फिरणाऱ्या अळ्या त्यातून सुटतात आणि नंतर आतड्यात येतात. एक बग काढला की प्रोग्रॅम चालला, असं इथे नाही. म्हणून वेळापत्रक असं:

१) २, ४, ६ आणि ८ आठवड्यांना डोस.
२) त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला.
३) पुढे साधारण दर तीन महिन्यांनी.
४) पिल्लांबरोबर आईलाही औषध, नाहीतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.
५) दर वेळी नव्याने वजन. या वयात पिल्लू पंधरा दिवसांत खूप वाढतं.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

आता पिसवा. आपण पिल्लावरच्या पिसवा मारत बसतो, पण पिल्लावर दिसतात त्या एकूण पिसवांपैकी जेमतेम पाच टक्के. बाकीच्या अंडी, अळ्या आणि कोष या रूपात गोणपाटात, फटींत, धुळीत असतात. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते आणि ती घरंगळून खाली पडतात. म्हणजे खरी आग अंथरुणाला लागलेली असते!

पिसवा आहेत की नुसती धूळ, हे ओळखायची युक्ती सोपी आहे. केसांतले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पिल्लाचंच पचलेलं रक्त.

वीस दिवसांच्या पिल्लाला बाजारातलं कुठलंही औषध लावायचं नाही. मानेवर टाकायचे थेंब आणि चघळायच्या गोळ्या बहुधा आठ आठवड्यांनंतरच चालतात. फिप्रोनिलचा एक स्प्रे अगदी लहान पिल्लांना चालतो, पण तोही डॉक्टरांना विचारून. आम्हाला मॅडमनी सांगितलं ते हत्यार ऐकून हसू आलं: आपल्या आज्ज्यांची उवांची फणी! बारीक दातांच्या फणीने विंचरायचं आणि निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. कोमट पाण्यात सौम्य साबणाने झटपट अंघोळ, लगेच कोरडं पुसून ऊब, कारण एवढी पिल्लं गारठून दगावतात. राणीला त्यांनी दूध पाजणाऱ्या कुत्रीला चालणारं औषध लावलं आणि ते वाळेपर्यंत पिल्लं बाजूला ठेवायला लावली.

गोणपाटं आम्ही जाळून टाकली. त्याजागी जुन्या चादरी, दर दोन-तीन दिवसांनी कडकडीत पाण्यात धुऊन उन्हात वाळवलेल्या. तरीही तिसऱ्या आठवड्यात पिसवा पुन्हा दिसल्या. रूममेट म्हणाला, "औषध फेल गेलं." तसं नव्हतं. कोषातली पिसू महिनोन्महिने तग धरते, औषधही तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि ऊब किंवा हालचाल जाणवली की ती बाहेर पडते. म्हणून सफाई निदान दोन-तीन महिने चालूच ठेवायची.

आणखी एक गंमत. पिल्लू अंग चावताना पिसू गिळतं आणि त्या पिसवेतून पट्टकृमी पोटात जातो. गुदद्वाराजवळ तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले की तो आलाच समजा. पायरँटेलने तो मरत नाही, त्याला प्राझिक्वांटेल लागतं. थोडक्यात, पिसवा सोडून नुसते जंत काढणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

हे मात्र नक्की करू नका

रॉकेल, फिनाईल, तंबाखूचं पाणी अंगाला चोळू नका. पिल्लाची कातडी ते शोषते, शिवाय पिल्लू ते चाटतं. जंतांवर उपाय म्हणून लसूण-कांदा भरवू नका, कुत्र्याच्या रक्तपेशी त्याने फुटतात. आम्हाला एकाने गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन सुचवलं होतं. त्याचा डोस चुकला तर पिल्लाला झटके येऊन ते बेशुद्ध पडू शकतं. कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला लावू नका, तिच्यासाठी ते विष आहे.

आणि आपला काय संबंध म्हणाल, तर गोल जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि माणसाच्या, विशेषतः लहान मुलांच्या पोटात गेली तर अळ्या यकृतापर्यंत, क्वचित डोळ्यापर्यंत जातात. पण ताज्या विष्ठेतली अंडी लगेच बाधत नाहीत, त्यांना दोनेक आठवडे लागतात. म्हणून शी रोजच्या रोज उचलायची आणि पिल्लं हाताळून झाली की साबणाने हात धुवायचे. मावशींची नात त्याच अंगणात खेळते, हे आम्हाला तोवर सुचलंच नव्हतं.

पाचही पिल्लं वाचली. मार्चपर्यंत त्यांचं लसीकरण झालं, तिघांना घरं मिळाली, दोघं कॅम्पसवरच आहेत. राणीची नसबंदी झाली. वर्गणीच्या वहीत औषधांचा एकूण खर्च लिहिला आहे. आमच्या एका पिझ्झा पार्टीपेक्षा कमी. तेवढे पैसे चौदाव्या दिवशीही आमच्या खिशात होते, फक्त माहिती नव्हती.

पुढच्या वेळी कॅम्पसमध्ये पिल्लं दिसली तर फोटो जरूर काढा. पण आधी जन्मतारीख लिहून ठेवा आणि त्यात चौदा मिळवा. तेवढी एक डेडलाइन तरी चुकवू नका!