आजीचा प्रश्न आणि नातीचे विकृतिशास्त्र

नागपूरला आमच्या परिचयाच्या एका घरी मध्यंतरी मोठा पेच पडला होता. घरची थोरली मुलगी पशुवैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडली. वडील महापालिकेत कामाला, आई घरी शिवणकाम करणारी. वस्तीतल्या विहारात मुलीचा सत्कार झाला, पेढे वाटले गेले. आणि मग ती म्हणाली, मला एम.व्ही.एस्सी. करायचे आहे, विषय पशुविकृतिशास्त्र. हे काय असते, असे आजीने विचारले. नातीने सरळ सांगून टाकले, "मेलेलं जनावर उघडून ते कशानं मेलं ते शोधायचं."

आजी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुह्या पणज्यानं ढोरं ओढनं सोडलं तं गावानं बोलनं बंद केलं होतं. आन तू येवढी शिकून पुन्हा ढोरापाशीच चालली?"

आम्ही त्या वेळी तिथेच बसलो होतो. आजीचा प्रश्न अडाणीपणाचा आहे असे कोणी म्हणू नये. मेलेले जनावर गावाबाहेर ओढून नेणे ही आपल्या माणसांवर लादलेली वेठ होती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, ही कामे सोडा असे बजावले. कातडी-हाडांचे उत्पन्न या लोकांनी का गमवावे असा हिशेब काहींनी मांडला, तेव्हा ते उत्पन्न तुम्हीच घ्या, असे त्यांचे उत्तर होते. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणातही त्यांनी ही हकीकत सांगितली. ज्या घरांनी हे ऐकले त्यांनी बहिष्कार सोसला. तेव्हा आजीला राग येणारच.

पण नातीचे काम आणि पणजोबांचे काम एक नव्हे. जनावर ओढून नेणाऱ्याला ते का मेले हे कोणी विचारीत नव्हते, आणि त्याने विचारले असते तर ऐकूनही घेतले नसते. विकृतिशास्त्राच्या विभागात मात्र सारे काम याच एका प्रश्नासाठी चालते.

या विषयाचा पहिलाच धडा सुरी कधी उचलू नये हा आहे. जनावर एकाएकी मेले, नाकातोंडातून काळसर, न गोठणारे रक्त आले, तर फाशी रोगाचा संशय घ्यायचा. अशा वेळी शव उघडायचे नाही. आधी रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. शव उघडले की जंतूंना हवा लागते, त्यांची बीजे तयार होतात आणि ती मातीत कित्येक वर्षे जिवंत राहतात. माणसाला हाच रोग कातडीतून झाला की काळपुळी म्हणतात.

मुलगी हे सांगत होती तशी आजी पुढे सरकली. तिच्या लहानपणी पाटलाची म्हैस एका रात्रीत गेली होती. नातीने विचारले, नाकातून रक्त आलं होतं का? पोट फुगलं होतं का? आजीला सारे आठवत होते. म्हैस कापणाऱ्यांपैकी एकाच्या हातावर काळी पुळी उठली आणि तो माणूस गेला, हेही आठवत होते. गावाने तेव्हा करणी म्हटले होते. इतक्या वर्षांनी त्या म्हशीचे निदान खात्रीने कोणी करू शकणार नाही, हे नातीनेच सांगितले. तरी घरात थोडा वेळ सारेच गप्प झाले. वेठीने आपल्या माणसांचा नुसता मानच घेतला नाही, असे आम्हाला त्या वेळी वाटले.

आता शिक्षणाविषयी. बारावीला जीवशास्त्र, मग नीट परीक्षा, मग साडेपाच वर्षांची बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवी, त्यात एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे. त्यानंतर एम.व्ही.एस्सी. दोन वर्षांची. आधी अभ्यासक्रम, मग प्रबंध. शवविच्छेदनगृहात गमबूट, एप्रन, हातमोजे घालून उभे राहायचे. फुप्फुस, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड यांचा रंग, आकार, घट्टपणा लिहून घ्यायचा. तुकडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचे, मेणाच्या ठोकळ्यात बसवायचे, मायक्रोटोम यंत्रावर मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतके पातळ काप काढायचे आणि रंगवायचे. पेशींची केंद्रे निळी दिसतात, बाकीचा भाग गुलाबी. हजारो काचपट्ट्या पाहिल्यावर डोळा तयार होतो. वास केसांत राहतो, हेही मुलीने लपविले नाही. आईला त्याचीच काळजी होती. मुलीच्या लग्नाच्या बोलणीत हे कसे सांगायचे, असे ती म्हणत होती.

या विद्येने काय साधते त्याचा एक दाखला देतो. नव्वदच्या दशकात आपल्या देशातली गिधाडे दिसेनाशी होऊ लागली. काही जातींची तर शंभरातली पंच्याण्णवांहून अधिक गेली. रोगाची साथ असावी असा पुष्कळांचा तर्क होता. पाकिस्तानच्या पंजाबात मेलेली गिधाडे उघडून पाहिली तेव्हा त्यांच्या आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर आढळला. तो युरिक आम्लाचा होता, म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाली होती. लिंडसे ओक्स या अमेरिकन पशुवैद्यकाच्या तुकडीने २००४ मध्ये कारण जाहीर केले. दुखऱ्या गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी हे औषध बनवण्यावर बंदी आणली. वेठ टाकल्यावर गावोगाव पडून राहणारी जनावरे शतकानुशतके साफ करणाऱ्या या पक्ष्याचा मारेकरी शवविच्छेदनाच्या टेबलावर सापडला.

अमेरिकेत याच विषयाला रेसिडेन्सी असते. पशुवैद्यकाची पदवी झाली की विद्यापीठात साधारण तीन वर्षे पगारी उमेदवारी. रोज आलेली शवे तपासायची, अहवाल लिहायचा आणि ज्येष्ठ प्राध्यापकासमोर तीच काचपट्टी पुन्हा पाहून आपली चूक कबूल करायची. शेवटी १९४९ साली स्थापन झालेल्या अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरिनरी पॅथॉलॉजिस्ट्स या संस्थेची कठीण परीक्षा. काही जण बरोबरीने पीएच.डी. करतात. १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील विकृतितज्ज्ञ ट्रेसी मॅक्नमारा यांनी कावळे आणि संग्रहालयातले पक्षी मरताना पाहिले. शहरात माणसांना मेंदूज्वर होत होता आणि त्याला दिलेले नाव या बाईंना पटले नाही, कारण त्या विषाणूने पक्षी सहसा मरत नाहीत. त्या हटून बसल्या. अखेर तो वेस्ट नाईल विषाणू निघाला.

आपल्याकडेही ही विद्या जुनी आहे. परळचे मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चे. आज बरेलीजवळ इज्जतनगरला असलेल्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेची सुरुवात १८८९ मध्ये पुण्यात झाली. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला कोंबड्या मरू लागल्या तेव्हा भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्ल्यूवर शिक्कामोर्तब केले.

नोकऱ्या कोठे, असे वडिलांनी विचारले आणि ते योग्यच आहे. महाविद्यालयात अध्यापन, रोग अन्वेषणाच्या प्रयोगशाळा, औषध कंपन्यांच्या सुरक्षा चाचण्या. शिवाय पदवीच्या जोरावर पशुधन विकास अधिकाऱ्याची परीक्षा देता येतेच. पदव्युत्तर जागा थोड्या असतात, म्हणून नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची माहितीपुस्तिका वेळेवर मिळवावी. अखिल भारतीय प्रवेश परीक्षेची जाहिरातही पाहावी. जात वैधता प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे; ऐन वेळी धावपळ करून जागा गमावलेली मुले आम्ही पाहिली आहेत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. परदेशी पदव्युत्तर शिक्षणासाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांना आहे. अटी बदलतात, तेव्हा समाजकल्याण कार्यालयातून ताजी जाहिरात घ्यावी, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

त्या मुलीचा प्रवेश झाला. आईने जुन्या चादरीचे दोन एप्रन शिवून दिले. आजीने एकच अट घातली, घरात येण्याआधी अंगणातल्या नळावर हातपाय धुवायचे. आणि रोज संध्याकाळी ती स्वतःच विचारते, "आज काय निघालं व?"