झोप येत नाही, हे डॉक्टरांना कसे सांगावे?

आपल्याकडे दवाखान्यात रोज ऐकू येणारे एक फार लहान वाक्य आहे. "डॉक्टर, झोप येईना झालीया, एक गोळी द्या बघा." शाहूपुरीतला व्यापारी हे वाक्य असे बोलतो, राजारामपुरीतल्या निवृत्त शिक्षिका ते जरा शुद्ध भाषेत बोलतात, एवढाच फरक. ह्या वाक्यात तक्रारही रुग्ण सांगतो आणि उपचारही तोच ठरवून टाकतो. मधली जागा, म्हणजे झोप का येत नाही ह्या चौकशीची जागा, रिकामी राहते. बाहेर बाकावर माणसे खोळंबलेली असतात. डॉक्टरही शेवटी माणूसच. चिठ्ठी लिहून होते. गोळीने पहिल्या रात्री गाढ झोप लागते आणि रुग्ण खूष होतो. अडचण पुढे काही महिन्यांनी उभी राहते. तेव्हा एका गोळीने भागेनासे होते, आणि गोळी न घ्यावी तर पूर्वीपेक्षाही वाईट रात्र जाते. मूळ कारण मात्र जिथल्या तिथे असते.

ती मधली जागा रुग्णाने कशी भरावी, एवढाच आजचा विषय आहे.

आपल्या भाषेने ह्या बाबतीत आपली चांगली सोय करून ठेवली आहे, पण दवाखान्यात शिरताच आपण ती विसरतो. "झोप लागत नाही," "झोप मोडते" आणि "पहाटेच डोळा उघडतो" ही तीन निरनिराळी वाक्ये आहेत, आणि वैद्यकशास्त्रही निद्रानाशाचे हेच तीन प्रकार मानते. अंथरुणावर पडल्यावर तासन् तास कूस बदलणाऱ्या माणसाच्या मनात बहुधा धास्ती असते, किंवा पोटात संध्याकाळचा तिसरा चहा. मध्यरात्री वारंवार झोप मोडणाऱ्याच्या बाबतीत लघवीला किती वेळा उठावे लागते हे विचारावे लागते. त्यात मधुमेह असू शकतो, उतारवयातल्या पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीची वाढ असू शकते, दमा असू शकतो. पहाटे तीन-चारला जाग येऊन, पुढचा दिवस डोंगराएवढा वाटत असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन रमत नसेल, तर तो उदासीनतेचा, म्हणजे डिप्रेशनचा आजार असण्याचा संभव असतो. हे काही गणित नव्हे. एकाच माणसात तिन्ही प्रकार भेटतात. परंतु "झोप येत नाही" ह्यापेक्षा ह्या तीन वाक्यांपैकी एक जरी नेमके सांगितले, तरी डॉक्टरांचे अर्धे काम होते.

चौथाही एक प्रकार आहे, आणि तो रुग्णाला स्वतःला सांगता येत नाही. रात्रभर झोप होते, पण सकाळी अंग जड, दुपारी बसल्या जागी डुलकी. अशा माणसाच्या पत्नीला विचारावे. तो जोराने घोरतो का, घोरता घोरता श्वास थांबतो का आणि मग दचकून पुन्हा सुरू होतो का, हे तिलाच ठाऊक असते. हा झोपेत श्वास अडण्याचा विकार असेल, तर झोपेची गोळी त्याला मदत करण्याऐवजी घातक ठरू शकते. म्हणून घरच्या माणसाला बरोबर न्यावे. पण थोडा वेळ रुग्णाला एकट्यानेही बोलू द्यावे. आपल्याकडे सुनेच्या तक्रारी सासूबाई सांगतात, बायकोच्या तक्रारी नवरा सांगतो, आणि ती बिचारी मान हलवीत बसते. तिच्या झोप न येण्याचे कारण कदाचित त्या दोघांसमोर बोलण्याजोगे नसेल.

आता धास्तीविषयी. येथे मात्र भाषा आपल्याला थोडी फसवते. "काळजी" हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. "ती सर्वांची काळजी घेते" ही स्तुती झाली. "तिला सारखी काळजी लागते" हे दुखणे असू शकते. एकाच शब्दात गुण आणि आजार दोन्ही बसल्यामुळे, "मला फार काळजी वाटते" असे एखादी बाई म्हणाली की लोक तिला आजारी न समजता मायाळू समजतात. तेव्हा डॉक्टरांपुढे "काळजी" किंवा "टेन्शन" एवढ्यावर थांबू नये. शरीरात काय होते ते सांगावे. छातीत धडधडते, जीव घाबरा होतो, पोटात गोळा येतो, तोंडाला कोरड पडते, हातापायांतले त्राण जाते. हे किती दिवसांपासून होते, दिवसाच्या कोणत्या वेळी होते, आणि त्यामुळे कोणते काम सुटले, हेही सांगावे. बँकेत जाणे सोडले, लग्नकार्याला जाणे टाळू लागलो, गाडी चालवणे बंद केले. दुखणे किती खोल गेले आहे हे अशा गोष्टींवरून कळते.

डॉक्टर मग हृदयाचा आलेख काढतील, रक्तातले हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड तपासावयास सांगतील. ह्यात वेळ दवडला असे समजू नये; थायरॉइड ग्रंथीचा स्राव वाढला तर हुबेहूब धास्तीसारखीच लक्षणे दिसतात. आणि पन्नाशीच्या माणसाच्या छातीत प्रथमच कळ आली, तर ती मनाची आहे असे घरीच ठरवू नये, तडक रुग्णालय गाठावे. सर्व तपासण्या ठीक आल्या की डॉक्टर म्हणतात, "काही नाही." रुग्णाला मात्र त्यातून "तुम्ही सोंग करता" असे ऐकू येते आणि तो दुसऱ्या डॉक्टरांकडे नवी तपासणी करावयास जातो. वास्तविक "काही नाही" म्हणजे हृदय चांगले आहे. त्रास आहे तो आहेच. तेथे उठून न जाता विचारावे, "मग हे कशाने होते, आणि आता काय करावयाचे?"

आपला उद्योग सांगण्यास लोक विसरतात. इचलकरंजीच्या मागांवर रात्रपाळी करणारा, शिरोलीच्या फौंड्रीत पाळी बदलत राहणारा, गळीत हंगामात साखर कारखान्यावर तीन पाळ्यांच्या चक्रात सापडलेला माणूस, ह्यांच्या शरीरातले घड्याळच विस्कटलेले असते. तेथे गोळीपेक्षा पाळीचा विचार अगोदर करावा लागतो. महापुराची गोष्टही तशीच. २०१९ आणि २०२१ ह्या दोन्ही वर्षी पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोकापातळी कितीतरी मागे टाकली. ज्यांनी जनावरे सोडून रात्री घर रिकामे केले, त्यांतल्या एखाद्याला आजही पत्र्यावर पाऊस वाजू लागला की झोप येत नसेल, तर त्यात नवल काय? पण हे डॉक्टरांना आपण होऊन कळणार नाही. तक्रार आषाढातच का वाढते, हे आपणच सांगितले पाहिजे.

दारू, तंबाखू आणि मिश्रीही सांगावी. झोप यावी म्हणून रात्री थोडी घेणारे पुष्कळ आहेत. दारूने डोळा लवकर लागतो खरा, पण उत्तररात्री झोप तुटते. आणि दारू व झोपेची गोळी एकत्र आली तर श्वासच मंदावू शकतो. ही गोष्ट लाजेखातर लपविणे जिवावर बेतू शकते.

औषधांविषयी थोडा इतिहास सांगितला तर गैरसमज कमी होतील. १९०३ साली जर्मनीत व्हेरोनल निघाले आणि बार्बिट्युरेट जातीची झोपेची औषधे जगभर पसरली. त्यांची सवय लागते आणि मात्रा थोडी चुकली तर मृत्यू येतो, हे कळावयास बराच काळ गेला. आपल्याकडे सर्पगंधेची मुळी पिढ्यान् पिढ्या वापरात होती. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील ह्यांनी १९४९ साली तिचा रक्तदाबावरचा उपयोग ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि पाश्चात्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे गेले. तिच्यातून निघालेले रिसर्पिन मग मनोविकारांवरही वापरले गेले. पण ते घेणारे काही रुग्ण उदास होतात असे दिसू लागले. वनस्पतीचे औषध म्हणजे निरुपद्रवी, असे मानणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. १९६० साली लिब्रियम आणि १९६३ साली व्हॅलियम बाजारात आले. बार्बिट्युरेटपेक्षा ती निश्चित सुरक्षित होती, म्हणून सढळ हाताने दिली गेली. १९८८ साली ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीला सांगावे लागले की, ही औषधे दोन ते चार आठवड्यांहून अधिक काळ देऊ नयेत. आज सर्रास दिसणारी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ह्याच कुळातली. झोल्पिडेम त्यांचे चुलत भावंड. उतारवयात ह्यांनी तोल जातो, रात्री उठताना पडून खुब्याचे हाड मोडते, विसराळूपणा वाढतो.

म्हणूनच २०१४ च्या मार्चपासून आपल्या देशात अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधे 'एच-वन' ह्या यादीत आहेत. औषध दुकानदाराने चिठ्ठी पाहूनच ती द्यावयाची आणि डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव वेगळ्या वहीत नोंदवून ठेवावयाचे. शेजाऱ्याच्या पट्टीतली एक गोळी "करून बघा" म्हणून मागणे हा शेजारधर्म नव्हे.

धास्ती जुनाट असेल तर डॉक्टर बहुधा दुसऱ्या जातीचे औषध सुचवितात. सरट्रालिन, एस्सिटालोप्राम अशी त्यांची नावे. ह्यांचा गुण यावयास दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा बेचैनी थोडी वाढूही शकते. हे आधी ठाऊक नसले की रुग्ण चौथ्या दिवशी "औषध लागू पडत नाही" म्हणून ते टाकून देतो. आमच्या समजुतीने ह्या औषधांचे निम्मे अपयश ह्या न सांगितलेल्या आठवड्यात आहे. तेव्हा चिठ्ठी हाती आली की विचारावे: हे औषध कोणत्या जातीचे, गुण कधी येईल, किती दिवस घ्यावयाचे, आणि बंद कसे करावयाचे? असे विचारण्यात डॉक्टरांचा उपमर्द होत नाही.

जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी देण्याजोगा एक उपचार आहे, आणि २०१६ साली अमेरिकेतल्या वैद्यांच्या महाविद्यालयाने त्यालाच पहिले स्थान दिले. त्यात सवयी बदलतात. झोप आल्याशिवाय अंथरुणावर जावयाचे नाही. साधारण वीस मिनिटांत डोळा न लागला तर उठून दुसऱ्या खोलीत बसावयाचे. रात्र कशीही जावो, उठण्याची वेळ एकच. अंथरुणात पडून राहण्याचा काळही मोजून कमी करतात. हे मात्र जाणकाराच्या देखरेखीने करावे. दोन आठवडे एका वहीत रोज किती वाजता पडलो, अंदाजे केव्हा झोप लागली, कितीदा उठलो, हे लिहून डॉक्टरांकडे न्यावे. ते पान दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा अधिक सांगते.

राहिला लाजेचा प्रश्न. येरवडा, ठाणे, रत्नागिरी ही गावांची नावे आपण थट्टेत वापरतो आणि मग मनाच्या डॉक्टरांकडे जाताना चौकात कोणी पाहील म्हणून भितो. आपल्या शहरात सीपीआरमध्ये मनोविकार विभाग आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे. कोणाच्याच दारात जावयाचे धैर्य नसेल, तर १४४१६ ह्या क्रमांकावर सरकारची 'टेलि-मानस' सेवा चोवीस तास विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. जगणे नकोसे वाटते असा विचार मनात येत असेल तर तो सर्वांत आधी आणि स्पष्ट शब्दांत सांगावा. तो बोलून दाखविल्याने बळावत नाही.

आणि जे श्रोते आज कित्येक वर्षे रोज रात्री गोळी घेत आहेत, त्यांनी हे ऐकून घरी गेल्यावर पट्टी केरात टाकू नये. ह्या औषधांची सवय झालेल्या शरीराला ते एकाएकी तोडले तर थरथर सुटते, झोप पार उडते, क्वचित आकडीही येते. पट्टी खिशात घालून डॉक्टरांकडे जावे आणि सांगावे, "ही मी इतकी वर्षे घेतो आहे, कमी करावयाची आहे." ते मात्रा थोडी थोडी उतरवतील, त्याला कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. मधे एखादी रात्र वाईट जाईल, ती वहीत लिहावी आणि पुढच्या भेटीत दाखवावी.