उपाशी पोराला घाईने भरवू नये!

दिवाळी सरली की सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि उसाच्या फडांशेजारी खोपी उभ्या राहतात. आईबाप पहाटेच कोयता घेऊन निघतात. दीड-दोन वर्षांचे पोर मोठ्या भावंडाच्या कडेवर असते. अंगणवाडी मागे गावातच राहिलेली. जुलाब, ताप, पुन्हा जुलाब असे दोन महिने गेले की त्याच्या हातापायांच्या काड्या होतात. कधी उलटेच घडते. पावलांवर सूज येते आणि पोर बाळसेदार दिसू लागते. ती सूज अधिकच वाईट.

असे पोर दवाखान्यात आणले की घरच्यांना वाटते, आता याला पोटभर खाऊ घालावे. आजी तुपातला शिरा करून आणते. तिला कोण दोष देईल? १९७२च्या दुष्काळात दुष्काळी कामांवरची सुकडी खाऊन जगलेली माणसे आपल्या जिल्ह्यात आजही आहेत. भुकेवर अन्न हाच उतारा, हे त्यांनी अंगावर अनुभवले आहे. पण अतितीव्र कुपोषित, आजारी बालकाची गोष्ट वेगळी. त्याला एकदम भरपूर भरवले तर दोन-चार दिवसांत ते हातचे जाऊ शकते.

असे का व्हावे? उपाशी शरीर काटकसरीने चालते. पेशींतले क्षार सांभाळणारी यंत्रणा मंदावते. पोटॅशियम बाहेर झिरपून जुलाबावाटे निघून जाते आणि सोडियम आत साठते. अशात भरपूर पिठूळ-गोड अन्न पोटात गेले की रक्तात इन्शुलिन वाढते. पेशी एकदम जाग्या होतात आणि रक्तातले उरलेसुरले पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट आत ओढून घेतात. फॉस्फेट घसरले की श्वासाचे स्नायूसुद्धा थकतात. पोटॅशियम घसरले की हृदयाचे ठोके चुकतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जपानी छावण्यांतून सुटलेले काही कैदीही असेच अन्न मिळाल्यावर दगावले होते.

म्हणून सुरुवातीचा आहार मुद्दाम हलका ठेवतात. दूध, साखर, तेल यांच्या या मिश्रणात १०० मिलिलिटरला ७५ कॅलरी असतात. सूज नसलेल्या ६ किलोच्या मुलाला दर दोन तासांनी सुमारे ६५ मिलिलिटर द्यायचे. आजीला ही चेष्टाच वाटणार! रात्रीचे पाजणे मात्र चुकवायचे नाही, कारण रक्तातली साखर उतरली तर पहाटेपर्यंत घात होतो. सोबत पोटॅशियम, मॅग्नेशियम हवे; लोहाचे औषध पहिल्या आठवड्यात नको. अंगावरचे दूध चालूच ठेवायचे. सूज उतरू लागली आणि भूक परतली की आहार वाढवतात. त्याआधीच वजन झपाट्याने वाढले, नाडी आणि श्वास जलद झाले, तर डॉक्टर चिंतेत पडतात. ते बाळसे नसते, पाणी असते.

जुलाबात मीठ-साखर-पाणी द्यावे, हे आपण शिकलो आणि ते बरोबरच आहे. या मुलांना मात्र कमी सोडियमचे, जास्त पोटॅशियमचे पाणी लागते. घरच्या घरी पाणी तोडू नये; पोराला तातडीने डॉक्टरांकडे न्यावे. ओळखायचे कसे? सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पावलांवर अंगठा दाबल्यावर खळगा राहिला, तर थांबू नये. अंगणवाडी सेविकेकडे दंड मोजायची पट्टी असते.

खरी अडचण पुढेच आहे. पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण दोन आठवडे राहावे लागते, आणि फडावर एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बायको दवाखान्यात बसली की कोयता मोडला. मुकादमाकडून घेतलेली उचल डोक्यावर असते. पोर जरा हसले-खेळले की त्याला उचलून आई परत निघते, तेव्हा तिला बेफिकीर ठरवणे आपल्याला फार सोपे जाते. केंद्रात राहिलेल्या आईला बुडीत मजुरी म्हणून काही रक्कम देण्याची तरतूद आहे. उचल त्यातून फिटत नाही.